आमची वाटचाल : आधी वजनकाटा, मग सुतारकाम

मी मूळचा फर्निचरवाला. त्यामुळे पहिली कॅम्पर व्हॅन, म्हणजे आतून राहण्या-झोपण्याची सोय करून द्यायची गाडी, हातात आली, तेव्हा तिच्याकडे चाकांवरची छोटी खोली म्हणूनच पाहिलं. मागे आडवा पलंग, पलंगाखाली पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या, त्यामागे दार उघडलं की हाताशी येईल असा सामानाचा कप्पा. एक इंच जागा वाया घालवली नव्हती. मालक खूश, आम्हीही खूश.

दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. तक्रार करताना बिचारे संकोचत होते. "गाडी छान आहे हो, पण वेगात स्टेअरिंग हातात नसल्यासारखं वाटतं. शेजारून मोठा ट्रक गेला की शेपूट हलतं. आणि रात्री समोरचे सगळे मलाच डिपर मारतात."

शेवटचं वाक्य ऐकून मला हसू आलं होतं. नंतर कळलं की नेमकं दुखणं त्याच वाक्यात होतं. गाडी मागून बसली होती, नाक वर गेलं होतं आणि दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जात होते.

मेकॅनिकने उपाय लगेच सांगितला : मागच्या स्प्रिंगला एक पाटा, म्हणजे पोलादी पट्टी, वाढवा. आम्ही वाढवला. गाडी सरळ दिसायला लागली, स्टेअरिंग मात्र तसंच हलकं. सरळ दिसणं आणि समतोल असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढी साधी बाब कळायला आम्हाला एक पाटा आणि एक ग्राहक खर्ची घालावा लागला. पाटा वाढवून ॲक्सलवरचं, म्हणजे चाकांच्या जोडीच्या आसावरचं, वजन एका किलोनेही कमी होत नाही. एअर बेलो, म्हणजे स्प्रिंगला आधार देणारे हवेचे फुगे, लावले तरी तेच. उलट बसलेली गाडी निदान 'मला जास्त झालंय' असं सांगत असते, तिचं तोंड आपण बंद करतो.

मग गाडी वजनकाट्यावर नेली. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. पुढचं आणि मागचं मिळून पूर्ण गाडीच्या जवळपास यायला हवं, नाहीतर गाडी सपाट उभी नाही किंवा काटा चुकतोय. आमची बेरीज जुळली. आकडे वाचून मात्र मी तिथेच खाली बसलो. सगळं सामान चढवल्यावर पुढच्या ॲक्सलवरचं वजन रिकाम्या गाडीपेक्षा कमी झालं होतं.

हे कसं झालं ते त्या रात्री कागदावर मांडलं. शाळेतली तरफ, दुसरं काही नाही. दोन ॲक्सलमधलं अंतर ३६०० मिलिमीटर. १२० लिटरची टाकी, म्हणजे १२० किलो पाणी, मागच्या ॲक्सलच्याही ९०० मिलिमीटर मागे. ते १२० किलो मागच्या चाकांवर १५० होऊन बसतात आणि पुढची चाकं ३० किलोने उचलतात. १२० किलोच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या ६०० मागे : मागे १४०, पुढे उणे २०. अगदी शेवटच्या कप्प्यात ६० किलो सामान, १२०० मागे : मागे ८०, पुढे उणे २०. एकूण चढवले ३०० किलो, मागे भरले ३७०, आणि पुढून गेले ७०. ज्या चाकांनी वळायचं, तीच आम्ही जमिनीवरून उचलत होतो.

पलंग उखडला. बॅटऱ्या ड्रायव्हरच्या सीटमागे, पुढच्या ॲक्सलच्या ९०० मिलिमीटर मागे आल्या. टाकी मागच्या ॲक्सलच्या ९०० मिलिमीटर पुढे सरकली. शेवटच्या कप्प्यातलं सामान तसंच ठेवलं. तेच ३०० किलो आता मागे २०० आणि पुढे १०० असे वाटले गेले. गाडीतून एक खिळाही कमी केला नव्हता. आमचे सुतारकाका, ज्यांचं काम मी तोडलं होतं, दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गाडी चालवून आले आणि म्हणाले, "यापुढे मला माप नंतर दे, आधी वजन दे."

तेव्हापासून वर्कशॉपमध्ये एक वही आहे. जे काही गाडीत जातं ते आधी काट्यावर, मग वहीत : वजन, पुढच्या ॲक्सलपासून अंतर, मध्यरेषेपासून डावीकडे की उजवीकडे. बिजागऱ्या आणि स्क्रूसुद्धा डबा भरून तोलतो. ही वही लिहायला लागल्यावर प्लायवूडकडे बघायची नजर बदलली. बर्च प्लायची आठ बाय चारची १८ मिलिमीटरची शीट साधारण ३६ किलो भरते. तीच १२ मिलिमीटरची घेतली तर २४, आणि पॉप्लरची १२ मिलिमीटर घेतली तर १६ च्या आसपास. घरातल्या कपाटाला १८ लागते, म्हणून आम्ही गाडीतही सवयीने १८ लावत होतो. बॅटरीचंही तेच : १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड तीस किलोच्या घरात, लिथियम आयर्न फॉस्फेटची बारा किलोच्या आसपास.

पुढे-मागे जमलं, आता डावं-उजवं. सरकता दरवाजा एका बाजूला असतो, म्हणून ओटा, फ्रिज, कपाट सगळं आपोआप दुसऱ्या बाजूला जातं. डाव्या-उजव्या चाकांमध्ये १७०० मिलिमीटर धरा. मध्यापासून ७०० वर भिंतीला चिकटून १०० किलो ठेवले, तर त्यातले ९१ त्याच बाजूच्या चाकांवर येतात, पलीकडे जेमतेम ९. टायरच्या कडेवर जो भार क्रमांक असतो तो एका टायरचा असतो. १०९ म्हणजे १०३० किलो, ११२ म्हणजे ११२०. ॲक्सलचा आकडा मर्यादेत आहे म्हणून निर्धास्त राहिलात, तरी एका बाजूचं टायर मर्यादेबाहेर गेलेलं असू शकतं. साध्या वजनकाट्यावर हे दिसत नाही.

त्या वर्षी एजबँडिंग मशीन, म्हणजे प्लायच्या कडांना पट्टी चिकटवणारं यंत्र, घ्यायचं ठरलं होतं. ते पैसे चाकाखाली ठेवायच्या चार काट्यांत गेले. पहिले आकडे तर निव्वळ थट्टा होते. दरवेळी पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक जड. आम्ही सामान हलवून दमलो. शेवटी लक्षात आलं की वर्कशॉपची फरशीच मोरीकडे उताराला आहे. पट्ट्या घालून चारही जागा पातळीत घेतल्या, काट्यांवर चढवल्यावर गाडी दोनदा दाबून सोडली की पाटे मोकळे होतात, मग आकडे शहाण्यासारखे वागायला लागले.

वाटलं, आता सगळं आलं. तेव्हाच पाण्याने शिकवलं.

एक गाडी आम्ही चारही चाकांवर सुरेख जुळवून दिली. १०० लिटर चांगलं पाणी डावीकडे, वापरलेल्या पाण्याची टाकी उजवीकडे, पाण्याच्या वजनासमोर उजवीकडे बॅटऱ्या वगैरे ठेवून हिशेब बरोबर केलेला. तिसऱ्या दिवशी त्या ताईंचा फोन : "दादा, गाडी उजवीकडे कललीय. मी काही हलवलं नाही." त्यांनी खरंच काही हलवलं नव्हतं, फक्त नळ सोडला होता. अंघोळ, भांडी, हात धुणं यांत ७० लिटर पाणी डाव्या टाकीतून उजव्या टाकीत गेलं होतं. तरफेच्या त्याच हिशेबाने डाव्या चाकांवरून ५८ किलो उतरले आणि उजवीकडे ५८ चढले. भरलेल्या टाकीसह जुळवलेला समतोल फक्त पहिल्या सकाळपुरता खरा होता.

तेव्हापासून दोन्ही टाक्या गाडीच्या मध्यरेषेवर, दोन ॲक्सलच्या मध्ये, एकामागे एक आणि शक्य तितक्या खाली. पाणी एकातून दुसरीत गेलं तरी डावं-उजवं हलत नाही, पुढे-मागे थोडंच हलतं. आत आडव्या भिंती असलेल्याच टाक्या घेतो, कारण अर्धी टाकी पूर्ण टाकीपेक्षा खोडकर. ब्रेक दाबला की पाणी पुढे आदळतं, वळणावर बाहेरच्या बाजूला धावतं.

टपाच्या बाबतीत मी जरा हट्टी आहे आणि त्यापायी दोन कामं गमावली आहेत. सोलर पॅनल ठीक, ती वरच लागतात. पण वर कॅरिअर, त्यावर पेटी, पेटीत अवजारं, बाजूला जाड छत्री असं सगळं मागितलं की मी नाही म्हणतो. जमिनीलगतचे ६० किलो आणि टपावरचे ६० किलो वहीत सारखे दिसतात, ॲक्सलवर सारखेच येतात, पण वळणावर सारखे वागत नाहीत. गुरुत्वमध्य जितका वर, तितकी गाडी कलंडायला तयार.

चाकांतल्या हवेचाही आकडा आता आम्ही वजन झाल्यावरच देतो, पुढच्या-मागच्या ॲक्सलवर प्रत्यक्ष आलेल्या भाराप्रमाणे, टायर कंपनीचा तक्ता बघून. आणि दिव्यांचा कोन सगळ्यात शेवटी, भरलेल्या गाडीवर. तो पहिला फोन मी विसरलेलो नाही.

एक गोष्ट अजून पुरती सुटलेली नाही : माणसं. गाडी आमच्याकडे रिकामी तोलली जाते आणि रस्त्यावर भरून जाते. विचारलं तर प्रत्येक जण म्हणतो, "आमचं सामान काही फार नसतं." म्हणून ताबा देण्याआधी आम्ही वाळूच्या पिशव्या भरतो. प्रत्येक प्रवाशामागे ७५ किलो सीटवर, कपड्यांच्या कप्प्यात कपड्यांइतक्या, मागे सामानाइतक्या. मग टाकी भरून एकदा आणि वापरलेल्या पाण्याची टाकी भरून एकदा, असं दोनदा तोलतो.

परवाच्या गाडीत मागचं डावं चाक उजव्यापेक्षा १८ किलोने जास्त भरलं. सुतारकाका काही बोलले नाहीत. टूलबॉक्सच्या कप्प्याचे चार स्क्रू काढले, कप्पा उजवीकडे घेतला, आणि मी वहीतली ओळ खोडून नवी लिहीपर्यंत गाडी पुन्हा काट्यांवर चढलेली होती.