छज्ज्याची सळई वर का?

भाचा यंदा सिव्हिलचा डिप्लोमा संपवून माझ्या हाताखाली आला. परवा, स्लॅब टाकायच्या आदल्या संध्याकाळी, त्याला विचारलं, "गॅलरीची मेन सळई वर का बांधलीय रे?"

"मामा, कॅन्टिलिव्हर आहे, एकाच कडेनं धरलेला. ताण वरच्या बाजूला येतो."

उत्तर बरोबर. फक्त तो ते त्याच सळयांवर उभा राहून देत होता, आणि त्याच्या बुटाखाली जाळी इंच-दीड इंच दबली होती.

मी रागावलो नाही. कसा रागावणार? 2003 साली कराडजवळच्या एका गावात माझं स्वतःचं पहिलं काम, दोन खोल्या आणि पुढे तीन फुटांचा छज्जा. सळई मी नीट वर बांधून घेतली होती. पण स्लॅबच्या दिवशी सिमेंट कमी पडलं आणि मी गाडी काढून कराडला गेलो. तासाभरात परत आलो तर छज्जा भरून झालेला, वर थापी फिरलेली, सगळं गुळगुळीत. घमेली घेऊन माणसं सळयांवरून ये-जा करत होती हे मला कोण सांगणार? सेंट्रिंग (काँक्रीटखालचा प्लेटा-टेकूंचा आधार) खोललं त्या संध्याकाळी बीमच्या कडेनं केसासारखी चीर दिसली. सकाळी छज्जा खाली. तिथं मालकांच्या शेळीचा खुंटा होता. शेळी नशिबानं रानात होती.

माझे वडील गवंडी. ते सायकलवरून बघायला आले. तुटलेल्या काँक्रीटमधून सळई कुठं राहिली ते बोटानं मोजलं (पार तळाशी) आणि काही न बोलता सायकल वळवली. छज्जा मी पदरच्या पैशानं परत घातला. त्या कामात मला काही उरलं नाही.

तेव्हापासून स्लॅबच्या दिवशी मी साईट सोडत नाही. सिमेंट, खडी, डिझेल आदल्या दिवशी मोजून ठेवतो. वरच्या जाळीखाली चेअर, म्हणजे तिला उचलून धरणारे सळईचे घोडे, खालच्या सळईखाली काँक्रीटचा थर राहावा म्हणून ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक (स्लॅबला 20 मिलिमीटर, कॉलमला 40), आणि चालायला फळ्या. खडीचा तुकडा कव्हर म्हणून सरकवलेला दिसला की मी काम थांबवतो, मिस्त्री कितीही जुना असो. मिक्सरपाशी तर एक माणूस केवळ पाण्यावर लक्ष ठेवायला लागतो. "माल घट्ट हाय, सोडा की जरा," ही हाक दर पंधरा मिनिटांनी येते. एम-20 या दर्जाच्या काँक्रीटच्या मालाला एका गोणीमागं 30 लिटरच्या पुढं पाणी नाही, आणि वाळू ओली असेल तर तेवढंही नाही.

कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगांचं वेड मला कोयनेमुळं लागलं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा भूकंप वडिलांनी बघितलेला. दगड-मातीच्या भिंती कशा फुगून बाहेर पडल्या ते ते हातानं करून दाखवायचे. कॉलमच्या रिंगेचा हुक 135 अंशात आत वळलेला पाहिजे. काटकोनात ठेवला तर धक्क्यात वरचं कव्हर फुटतं, रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर वाकतात. आत वळवायला फिटरला प्रत्येक रिंगेमागं थोडा वेळ जास्त लागतो, म्हणून तो टाळतो. एकदा काँक्रीट पडलं की मालकाला हे जन्मात दिसणार नाही. मलाही नाही.

खरी भांडणं मात्र सेंट्रिंग खोलण्यावरून. मालकांचा वास्तुशांतीचा मुहूर्त ठरलेला, भाड्यानं प्लेटा देणाऱ्या प्लेटावाल्याला त्या दुसऱ्या साईटवर न्यायच्या. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणं, म्हणजे आयएस 456 प्रमाणं, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू 7 दिवस, त्यापुढं 14. बीमखालचे सहा मीटरपर्यंत 14, त्यापुढं 21. तेही साध्या ओपीसी सिमेंटचे आकडे. हल्ली दुकानातून येतं ते बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, त्याची ताकद सावकाश चढते, म्हणून मी दिवस वाढवूनच धरतो. छज्ज्याचे टेकू काढताना बाहेरच्या टोकाकडून आत यायचं. प्लेटावाल्याचं जादा भाडं मी आधीच दरात धरतो. नाहीतर शेवटी आपलाच हात खोलायला शिवशिवतो.

कागदाचं काम मला मनापासून कंटाळवाणं वाटतं, पण एक वही चुकवत नाही: हजेरीची. बांधकाम मजुराला कल्याणकारी मंडळात नोंदणी करायची तर वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आपली वही कोरी असेल तर तो बिचारा दाखला कुठून आणणार?

काल स्लॅब झाला. गॅलरी भरताना एक पोरगा फळी सोडून सळईवर उतरला, तसा भाचा एवढ्या मोठ्यानं ओरडला की शेजारच्या काकू बाहेर आल्या. मग त्यानं व्हायब्रेटर बंद करवला, दबलेली जाळी हुकानं वर ओढली, खाली आणखी दोन चेअर सरकवल्या आणि टेप लावून मला दाखवलं. मी म्हटलं, आता पुढच्या टोकाला पण मोज.