तशी दिसत नाहीस

मेलबर्नहून सुट्टीला पुण्यात आलो की पानावर बसल्याबसल्या आत्याचा प्रश्न ठरलेला: "काय रे, तिकडचे आदिवासी सिनेमात दाखवतात तसेच असतात का? लाल माती, हातात भाला?" दरवर्षी हसून नेतो. यंदा तुम्ही सगळ्यांनीच विचारलंत, म्हणून लिहितो.

बहुतेक अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी, शहरांत नाहीतर लहानमोठ्या गावांत राहतात. झालं उत्तर. पण अकरा वर्षांपूर्वी मीही तोच भाला डोक्यात घेऊन विमानात बसलो होतो. 'क्रोकोडाइल डंडी' सिनेमात अमेरिकन बाई एका अ‍ॅबोरिजिनल माणसाचा (नट डेव्हिड गुल्पिलिल) फोटो काढायला जाते. तो म्हणतो, नाही काढता येणार. आत्मा चोरीला जाईल म्हणून का, ती विचारते. छे, लेन्सचं झाकण काढलेलं नाही! मी खो खो हसलो होतो. ती बाई म्हणजे मीच, हे ऑफिसच्या कँटीनमध्ये कळलं.

समोर बसलेली सहकारी गोरी, भुऱ्या केसांची. बोलता बोलता म्हणाली, "माझ्या आजीला लहानपणी आईपासून तोडून मिशनमध्ये, मिशनऱ्यांच्या वसतिगृहात, ठेवलं होतं. आम्ही अ‍ॅबोरिजिनल." माझ्या तोंडून निघून गेलं, "पण तू तशी दिसत नाहीस."

ती डब्यातला भात काट्याने सारखा करत राहिली. मग म्हणाली, "कशी दिसायला हवी होते?"

उत्तर माझ्याकडे तयार होतं, हीच तर पंचाईत. तिने अर्धा डबा तसाच बंद केला आणि उठली. दुसऱ्या दिवशी माफी मागितली, तर "बरं" म्हणाली. अजूनही आमचं बोलणं कामापुरतंच.

मला कुठून माहीत असणार? सिनेमांनी जे दाखवलं तेच पाहिलं ना! असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. पण ते खोटं. 2002 चा 'रॅबिट-प्रूफ फेन्स' मी इथे यायच्या आधीच पाहिला होता. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जिगलाँगहून सरकारने पळवून नेलेल्या अ‍ॅबोरिजिनल मुली कुंपणाच्या कडेने घराकडे चालत निघतात, तो. त्यात नेव्हिल नावाचा अधिकारी पडद्यावर तीन पिढ्यांचे फोटो दाखवतो, प्रत्येक पिढी आधीच्यापेक्षा गोरी. रंग पुसून टाकायचा, हेच त्याचं धोरण. म्हणजे माझी सहकारी 'तशी' का दिसत नाही, ते सिनेमाने समोर मांडलं होतं. मी रडलो, आणि बाहेर येऊन म्हणालो, वाळवंट काय टिपलंय!

हल्ली 'टेन कनूज' वगैरे बघतो, उत्तरेकडच्या योल्ङू या अ‍ॅबोरिजिनल लोकांचा, त्यांच्याच भाषांतला. पण म्हणजे पुन्हा सिनेमाच की.

गेल्या जुलैत उलुरूला, वाळवंटातल्या त्या प्रचंड लाल खडकापाशी, गेलो होतो. दोनशे फोटो काढले, एकातही माणूस नाही. न विचारता माणसांचे फोटो काढू नयेत हे खरं, पण मी तेवढा विचार केलाच नव्हता. आत्याला पाठवले. तिचा लगेच मेसेज: "छानच! पण ते आदिवासी कुठायत?"