एजंटला ढोलकी कुठली ते सांगा

जळगावात माझा छोटा स्टुडिओ आहे, काम बहुतेक अहिराणी गाण्यांचं. सध्या रीपर या ध्वनिमिश्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये कानबाई देवीची गाणी मिक्स करतोय आणि फेडर (आवाजाच्या पट्ट्या) खाली-वर करण्याची हमाली एआय एजंटकडे दिलीये. त्याला माझा पडदा दिसत नाही. प्रत्येक कामासाठी त्याला एक टूल, म्हणजे तयार आज्ञा, दिलेली असते; हाती फक्त त्या टूलचं नाव आणि आपण लिहिलेलं वर्णन. ‘ट्रॅकचा आवाज बदलतो’ एवढ्यावर तो बिचारा काय समजणार?

रीपरच्या आतल्या हिशेबात आवाजाचा 1 म्हणजे 0 डेसिबल, 0.5 म्हणजे साधारण उणे 6. ‘ढोलकी 3 डेसिबलने उतरव’ म्हटलं, की तो खुशाल -3 पाठवू शकतो. म्हणून डेसिबलचं गणित टूलच्या आतच करून घेतलं आणि वर्णनात लिहिलं: ‘आकडा डेसिबलमध्ये द्या. ही अंतिम पातळी आहे, फरक नाही. आधी सध्याची पातळी वाचा.’

ट्रॅकचं तेच. पडद्यावर पहिला ट्रॅक 1, स्क्रिप्टमध्ये 0. हे लिहिलं नाही तर ढोलकीऐवजी गायिका दबते. (कानबाईच्या गाण्यात बायांचा आवाज दबला, तर गावात तोंड दाखवायची सोय नाही.)

पॅनचं, म्हणजे आवाज डावीकडे की उजवीकडे याचं, एका ओळीत भागतं: -1 डावं, 1 उजवं. ट्रॅक पुसणाऱ्या टूलला मात्र ठणकावून लिहिलंय: ‘विचारल्याशिवाय हात लावू नका.’