पुन्हा तेच वायफाय

सकाळी लॅपटॉप उघडला आणि पोटात गोळाच आला. वायफायच्या चिन्हाच्या जागी तोच पृथ्वीचा गोळा, म्हणजे इंटरनेट गायब. रात्री विंडोजचं अपडेट झालं होतं. या वर्षातली ही तिसरी वेळ.

१० वाजता लेकीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू. बडोद्यात दांडिया बाजारातलं आमचं घर जुनं, भिंती हातभर जाड. वायफायचा ५ गीगाहर्ट्झचा वेगवान सिग्नल आतल्या खोलीत पोचतच नाही, भिंतीतून जास्त आत जाणाऱ्या २.४ वर भागवावं लागतं. म्हणून आधी राउटरवरच संशय घेतला, बंद करून चालू केला. पण घरातले सगळे मोबाइल व्यवस्थित चालत होते.

शेवटी मोबाइल केबलने जोडला, यूएसबी टेदरिंग केलं, म्हणजे मोबाइलचं इंटरनेट लॅपटॉपला दिलं, आणि इंटरव्ह्यू पार पडला. पोरीचे हात मात्र शेवटपर्यंत गार होते. ते बघून फार राग आला.

दुपारी निवांत बसून डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे लॅपटॉपच्या सगळ्या भागांची यादी, उघडला. वायफाय अडॅप्टरच्या ड्रायव्हरची (वायफाय पकडणारा भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) तारीखच बदललेली. अपडेटने आपणहून नवा घातलेला. आधीचा ड्रायव्हर परत आणणारं ‘रोल बॅक ड्रायव्हर’ बटण दाबलं, रीस्टार्ट केलं, आणि नेटवर्कची नावं एकेक करून दिसू लागली. मागच्या वेळी ते बटणच फिकट होतं, कारण जुना ड्रायव्हर शिल्लकच नव्हता. म्हणून आज चालत्या ड्रायव्हरची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवली.

अपडेट नको असं नाही, सुरक्षेसाठी ती लागतातच. पण चांगली चालणारी गोष्ट बदलण्याआधी निदान विचारा तरी!

वरच्या मजल्यावरच्या काकूंचा लॅपटॉपही सकाळपासून असाच अडलाय. चहा झाला की पेनड्राइव्ह घेऊन तिकडेच जातोय.