कॅम्पर व्हॅनच्या छतावरची भोके आणि मे महिन्यातले काम

कॅम्पर व्हॅनच्या, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय केलेल्या गाडीच्या, छतावर पंखा बसवला, उजेडासाठी झरोका ठेवला, सौर पॅनेल लावले आणि त्याची केबल आत घेतली, की कारखान्यातून अखंड आलेल्या पत्र्याला चार ठिकाणी भोके पडतात. पावसाळ्यात आत येणारे पाणी बहुतेक वेळा याच भोकांपाशी शिरते. पंख्याच्या किंवा झरोक्याच्या चौकटीच्या कडेने वरून सीलंटचा, म्हणजे फटी बुजवणाऱ्या लेपाचा, आणखी एक थर फिरवणे हा त्यावरचा सर्वांत प्रचलित इलाज असला, तरी माझ्या मते तो इलाजच नव्हे. चौकट उखडून काढावी, खालचा पत्रा स्वच्छ करावा आणि ती नव्याने बसवावी, एवढेच काम टिकते. आणि ते मे महिन्यातच उरकावे, कारण ओल्या पत्र्याला बहुतेक सीलंटे नीट धरत नाहीत.

वरचा थर का टिकत नाही, याचे कारण उन्हात आहे. पंख्याची किंवा झरोक्याची चौकट बहुधा एबीएस प्लास्टिकची असते आणि ते तापमानानुसार पोलादाच्या सहा ते आठ पट प्रसरण पावते. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पहाटेचे छत आणि दुपारचे तापलेले छत यांच्यात 45 अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्या फरकाने 400 मिलिमीटरची प्लास्टिकची चौकट सुमारे दीड मिलिमीटर लांबते आणि तिच्याखालचा पत्रा पाव मिलिमीटरही लांबत नाही. ही ओढाताण रोज होते आणि ती सारी मधल्या सीलंटला सोसावी लागते. तो थर दोन-तीन मिलिमीटर जाडीचा आणि लवचीक असेल तर तो ताणला जाऊन पुन्हा पूर्ववत होतो. कागदासारखा पातळ असेल तर एका कडेने सुटतो. एपॉक्सीची लुगदी दगडासारखी कडक होते आणि म्हणूनच ती पहिल्याच उन्हाळ्यात तडकते. सुटलेल्या थरावर नवा थर चढवला, की वरून सारे ठीक दिसते, पण पाणी मधल्या फटीत अडकून पडते आणि पत्रा आतल्या आत गंजू लागतो. दिसणाऱ्या गळतीपेक्षा ही लपलेली ओल मला अधिक घातक वाटते.

दुरुस्तीपूर्वी पाणी नेमके कोठून येते ते शोधावे लागते, आणि डाग जेथे दिसतो तेथे ते क्वचितच सापडते. पत्र्याला ताकद यावी म्हणून छताला उभ्या घड्या दिलेल्या असतात आणि आतून आडव्या पट्ट्या असतात. पाणी त्यांच्या आधाराने सरकत जाते आणि गाडी ज्या बाजूला कललेली असेल त्या बाजूला कोठेतरी टपकते. आमच्या गाडीत मागच्या पलंगावर ओल येत होती, पण तिचे मूळ मधल्या पंख्याच्या पुढच्या कोपऱ्यात होते. आतले प्लायचे अस्तर उतरवून दादा टॉर्च घेऊन बसला आणि मी शिडीवरून बागेच्या नळीने, जोर न लावता, आधी खालच्या भागावर आणि मग हळूहळू वर असे पाणी सोडत गेले. प्रत्येक जागी पाच-दहा मिनिटे थांबणे भाग असते, कारण फटीतून वाट काढायला पाण्याला तेवढा वेळ लागतो. सगळीकडे एकदम पाणी ओतले तर आत ओघळ दिसतो, पण तो कशाचा ते कळत नाही. याहून चांगली पद्धत उलटी आहे: दारे-खिडक्या बंद करून ब्लोअरने गाडीत हवा भरावी आणि छतावर साबणाचे पाणी लावावे, जेथे बुडबुडे फुगतात तेथे फट आहे.

दोन गोष्टींनी येथे गफलत होते. पहिली म्हणजे बाष्प. थंड, दमट रात्री गाडीत तीन माणसे झोपली आणि खिडक्या बंद असल्या, तर पहाटे उघड्या पत्र्यावर सर्वत्र बारीक थेंब धरतात; पाऊस नसतानाही आलेली आणि एका जागी नव्हे तर सगळीकडे पसरलेली ओल गळतीची नसते. दुसरी म्हणजे वेग. उभ्या गाडीत न गळणारे छत महामार्गावर गळू शकते, कारण ताशी 80 किलोमीटर वेगाला समोरून येणारा वारा सुमारे तीन सेंटिमीटर उंचीच्या पाण्याइतका दाब देतो आणि चौकटीच्या पुढच्या कडेखाली पाणी चढवतो. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस झेलणाऱ्या आंबोलीकडे जाताना ही पुढची कडच सर्वांत आधी हार मानते, म्हणून नळीची चाचणी पुढच्या बाजूने आणि थोडी तिरपी करावी.

चौकट उखडल्यावर खाली बहुधा पांढरे सिलिकॉन सापडते. स्वस्त सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो. ते सुकताना ॲसिटिक आम्ल सोडते आणि उघडे पोलाद त्याने गंजते. शिवाय त्याचा तेलकट अंश पत्र्यावर राहिला, की त्यावर ना रंग बसत ना दुसरे सीलंट. ते प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, दर वेळी स्वच्छ फडके घेऊन पूर्ण काढावे लागते. या कामाचा निम्म्याहून अधिक वेळ येथेच जातो आणि तो जाऊ द्यावा. त्यानंतर भोकाची कड पाहावी. घाईने कापलेल्या कडेला कानस मारलेली नसते, तिला रंग नसतो आणि गंज रंगाखाली सरकलेला असतो. आमचे भोक कापणाऱ्या फॅब्रिकेटरने ती कड तशीच सोडली होती. गंज निघेपर्यंत घासून, जस्तयुक्त प्रायमरचे दोन हात आणि त्यावर रंग दिल्याशिवाय मी पुढे जात नाही. कानशीचा चुरा छतावर राहिला तर तो पहिल्याच सरीत तांबडे ठिपके पाडतो, म्हणून तो चुंबकाने उचलून घ्यावा.

चौकट बसवताना स्क्रूखाली मी बुटाइल टेप, म्हणजे रबरासारख्या मऊ, चिकट लुगदीची पट्टी, वापरते. तो कधीच पूर्ण कडक होत नाही आणि पुढे चौकट काढायची वेळ आली तर तो सुटतोही. पत्र्याच्या घड्यांमधल्या खोलगट जागा आधी टेपच्या जादा पट्ट्यांनी भरून सपाट कराव्यात, नाहीतर चौकट दोन उंचवट्यांवर टेकते आणि मधून पाणी जाते. स्क्रूसाठी आतून लाकडाची किंवा ॲल्युमिनियमची चौकट हवीच. छताचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा, त्यात स्क्रूचा एक आटाही नीट पकडत नाही. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांतून थोडे थोडे पिळावेत आणि टेप कडेने जरा बाहेर डोकावली की थांबावे. सर्व जोर लावून आवळले तर ती लवचीक जाडी, जिच्यासाठी हा सारा खटाटोप केला, तीच पिळून निघून जाते. दोन-तीन उन्हाचे दिवस गेले की टेप बसते. तेव्हा स्क्रू पुन्हा हलके आवळावेत, बाहेर आलेली टेप कापावी आणि मगच कडेने उन्हाला टिकणाऱ्या हायब्रिड सीलंटची (सिलिकॉन आणि पॉलियुरेथेन या दोन्हींचे गुण एकत्र आणणाऱ्या) रेघ ओढावी. साधे पॉलियुरेथेन सीलंट उन्हात पिवळे पडते आणि भुकटते, म्हणून ते उघड्यावर ठेवू नये. झरोका ॲक्रिलिकचा किंवा पॉलीकार्बोनेटचा असेल तर डब्यावरची सूचना वाचल्याशिवाय कोणतेही सीलंट त्याला लावू नये. काहींनी त्यात बारीक तडे जातात.

सीलंट लावायचे काम सकाळीच करावे. दुपारी पत्रा हाताला चटका देतो आणि सीलंटवर साय इतकी लवकर धरते की रेघ सारखी करायला वेळ मिळत नाही. ही सीलंटे हवेतील बाष्प शोषून वरून आत घट्ट होतात, 24 तासांत साधारण तीन मिलिमीटर. त्यामुळे जाड रेघेला दोन-तीन दिवस गाडी हलवू नये.

सौर पॅनेलचे कंस भोके न पाडता पॉलियुरेथेनने चिकटवता येतात, पत्रा आणि कंस दोन्ही नीट तयार केले असतील तर. केबलला मात्र एक भोक लागतेच. तिचा ग्लँड, म्हणजे भोकावर केबलभोवती घट्ट बसणारी पाणीरोधक टोपी, गाडीच्या मागच्या दिशेला तोंड करून बसवावा आणि केबल आत जाण्यापूर्वी तिला खाली लोंबणारा एक वळसा द्यावा, म्हणजे केबलवरून वाहत आलेले पाणी त्या वळशाच्या तळाशी गळून पडते. गुलमोहराखाली गाडी उभी असेल तर मेअखेरीस पाकळ्या पन्हळीत साचून पाणी तुंबवतात; त्या काढताना प्रत्येक चौकटीची रेघ अंगठ्याने दाबून पाहावी, आणि जेथे ती पत्र्यापासून उचलल्यासारखी वाटेल ती चौकट पहिला वळीव येण्याआधी काढून घ्यावी.