शिपायाच्या बायकोला शोधा

“नवऱ्याचा तो जर्मन पूर्वज तुला सापडला कसा?” विस्कॉन्सिनच्या सासरी आणि नाशिकच्या माहेरी, दोन्हीकडे मला हे विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. तो सापडला त्याच्या बायकोमुळे.

घरात एवढंच ठाऊक होतं की ह्यांचे खापरपणजोबा अमेरिकेच्या यादवी युद्धात गेले. उत्तरेच्या फौजेत जर्मनीत जन्मलेले सुमारे 2 लाख लोक लढले, त्यांतले ते एक. सैनिकांच्या याद्यांत त्यांचं आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं. कारकुनाच्या कानावर जे पडलं ते त्याने उतरवलं. पलटण मात्र पक्की कळली: 26 वी विस्कॉन्सिन, सप्टेंबर 1862 मध्ये मिलवॉकीत उभी राहिलेली, जवळजवळ सगळी जर्मन. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून सैनिकी नोंदी मागवल्या. वय, उंची, डोळ्यांचा रंग, सगळं होतं. जन्मस्थळाच्या जागी नुसतं ‘जर्मनी’.

2 मे 1863 च्या संध्याकाळी व्हर्जिनियातल्या चॅन्सलर्सव्हिलला दक्षिणेचा सेनापती जॅक्सन याची फौज रानातून अचानक बाजूने चालून आली. तिथे ते जखमी झाले आणि त्यातच गेले. पराभवानंतर अमेरिकेतल्या इंग्रजी वर्तमानपत्रांनी जर्मनांना पळपुटे ठरवलं, याची मला अजून चीड येते. ही पलटण पाय रोवून लढली होती, माणसं पडत असताना.

मग मी पेन्शनची फाईल मागवली. साध्या शिपायाच्या विधवेला तेव्हा महिना 8 डॉलर मिळत, पण त्यासाठी लग्न आणि मुलांचे जन्म सिद्ध करावे लागत. म्हणून तिने थेट मायदेशातल्या चर्चमधून लग्नाचा दाखला आणवला होता. तो कुर्रेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत, आपल्या मोडीसारखी अक्षरं एकमेकांत धावत गेलेली. वाचून घ्यायला दोन महिने लागले. त्यात उत्तर जर्मनीतल्या मेक्लेनबुर्गमधल्या त्यांच्या गावाचं नाव होतं! त्र्यंबकेश्वरी उपाध्यायांच्या वहीत आजोबांची सही बघून बाबा गप्प झाले होते, तशी मी त्या दिवशी झाले.

म्हणून शोधणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, आधी विधवेची फाईल मागवा. लढाईच्या कागदांत माणूस नसतो.

फाईलमध्ये दाखल्याखालच्या कागदावर मुलांच्या जन्मतारखा होत्या. धाकटी मुलगी जानेवारी 1863 ची. पलटण ऑक्टोबरमध्येच मिलवॉकीहून निघाली होती. ती मुलगी ह्यांची पणजी.