केंब्रिजच्या ‘ईगल’मधले दुपारचे जेवण

केंब्रिजच्या बेनेट स्ट्रीटवरचा ‘द ईगल’ हा पब १६६७ सालापासून, म्हणजे शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले त्याच्या पुढच्या वर्षापासून, चालू आहे. तेव्हा तो ‘ईगल अँड चाइल्ड’ नावाने ओळखला जाई आणि घोडागाडीने येणारे प्रवासी तिथे उतरत. त्या काळचे आतले अंगण आणि त्यावरचा लाकडी सज्जा अजूनही आहे, फक्त आता अंगणात टेबले मांडलेली असतात. जागेची मालकी कॉर्पस क्रिस्टी या महाविद्यालयाकडे आहे. मराठी माणसाला केंब्रिज म्हटले की रँग्लर परांजपे आठवतात, आणि मलाही आधी तेच आठवले. मात्र तिथे शिकणाऱ्या माझ्या भाच्याने गणिताऐवजी आधी जेवणाची सोय दाखवली.

आत जाऊन बसलो आणि सवयीने वेटरची वाट पाहू लागलो, तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, इथे कुणी विचारायला येत नाही. टेबलाचा नंबर लक्षात ठेवायचा आणि आपणच काउंटरवर जायचं.” काउंटरपाशी रांग दिसत नाही, पण ती असते. आपल्या आधी कोण आले हे प्रत्येकाला ठाऊक असते आणि पेय ओतणाऱ्याने चुकून आपल्याकडे पाहिलेच, तर शेजाऱ्याकडे बोट दाखवून त्याला पुढे करणे हा तिथला शिष्टाचार आहे. पैसे आधीच द्यायचे, टीपची अपेक्षा नसते, आणि मंडळी चार असतील तर एकेकाने आळीपाळीने सगळ्यांचे पेय आणायचे. एकदा पैसे दिले की मात्र कुणी उठवायला येत नाही. भरल्या खानावळीत आपल्या खुर्चीमागे पुढचा माणूस येऊन उभा राहतो, त्या धाकात जेवलेल्या मला ही मोकळीक फार मोलाची वाटली, आणि पबची खरी चैन हीच आहे असे माझे मत झाले.

पेयाबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण आपल्याकडून गेलेला माणूस पहिल्या घोटाला हमखास बिचकतो. ‘एल’ नावाची पारंपरिक इंग्लिश बिअर बर्फासारखी गार नसते. तळघरातल्या पिंपात तिच्यातले यीस्ट जिवंत असते आणि तिथेच ती मुरत राहते. बाहेरून वायू न भरता ती हातपंपाच्या लांब दांड्याने वर ओढली जाते आणि साधारण ११ ते १३ अंश तापमानाला पेल्यात येते, त्यामुळे फेस कमी असतो आणि हॉप्स या फुलांचा कडवटपणा व माल्टची, म्हणजे मोड आणून सुकवलेल्या धान्याची, गोडसर चव या दोन्ही जिभेला नीट कळतात. पिंप उघडले की काही दिवसांतच संपवावे लागते, म्हणून जिथे गिऱ्हाईक भरपूर तिथेच ती ताजी मिळते. मोठ्या कारखान्यांच्या वायूभरल्या बिअरपुढे हा प्रकार नामशेष होईल या भीतीने १९७१ साली ‘कॅमरा’ ही ग्राहकांची चळवळ उभी राहिली, आणि आज हे पंप जागोजागी दिसतात त्याचे बरेचसे श्रेय तिला आहे. पूर्ण पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, पण अर्धा मागितला तरी कुणी भुवई उंचावत नाही. न पिणाऱ्यांसाठी चहा-कॉफी आणि लिंबाची पेयेही असतात.

जेवण साधे आणि भारदस्त असते. पिठात बुडवून तळलेला कॉड मासा, जाड कापलेले बटाटे, शिजवून घोटलेले वाटाणे आणि वर शिंपडायला माल्ट व्हिनेगर, हे मला सर्वांत आवडले. त्या घोटलेल्या वाटाण्यांना मात्र हिरव्या मिरचीची उणीव फार जाणवते. ‘पाय’ या सारण भरून भाजलेल्या पदार्थात बहुधा गोमांस असते आणि रविवारच्या रोस्टबरोबरचे यॉर्कशायर पुडिंग पूर्वापार गोमांसाच्याच चरबीत भाजतात, त्यामुळे ज्यांना ते चालत नाही त्यांनी मागवण्याआधी स्पष्ट विचारावे.

मागच्या खोलीच्या छतावर दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांनी मेणबत्तीच्या, लायटरच्या ज्योतीने आणि लिपस्टिकनेसुद्धा आपली नावे व तुकड्यांचे क्रमांक लिहिले आहेत. आसपासच्या विमानतळांवरून हे तरुण इथे येत. त्यांतले किती परतले, हे छत पाहताना मनात आल्यावाचून राहत नाही.

पण बहुतेक पर्यटक येतात ते डीएनएच्या रचनेच्या शोधासाठी. विद्यापीठाची जुनी कॅव्हेंडिश प्रयोगशाळा कोपऱ्यावरच, फ्री स्कूल लेनमध्ये होती आणि हा शोध लावणारे फ्रान्सिस क्रिक व जेम्स वॉटसन जवळजवळ रोज इथेच जेवत. २८ फेब्रुवारी १९५३ रोजी क्रिक यांनी इथे येऊन आपल्याला जीवनाचे रहस्य सापडल्याचे जाहीर केले, असे वॉटसन यांनी लिहिले. क्रिक यांनी मात्र आपल्याला असे काही आठवत नसल्याचे पुढे नमूद केले. घोषणा झाली असो वा नसो, रोज तासभर निवांत वाद घालायला टेबल मिळणे हीच मला या पबची मोठी देणगी वाटते. शास्त्रज्ञ रोझलिंड फ्रँकलिन यांचे क्ष-किरण छायाचित्र या शोधात कळीचे ठरले, पण शोधाच्या स्मरणार्थ बाहेर लावलेल्या निळ्या पाटीवर त्यांचे नाव नव्हते. कुणीतरी ते खाली खरडून लिहिले होते, आणि अखेर २०२३ साली त्यांचा उल्लेख असलेली नवी पाटी लागली. लोक तिचे छायाचित्र काढतात आणि पुढे जातात. आत बसून जेवायचे असेल तर दुपारी बाराच्या आधीच टेबल धरावे.